चौदा महिन्यांची रात्रपाळी

सतरा दिवस झाले, राजरत्न आपल्या सख्ख्या आईला 'तुम्ही' म्हणत होता.

"आई, तुम्ही जेवून घ्या." "आई, तुमची प्रेशरची गोळी राहिली." "आई, तुम्ही कशाला उठता, दार मी उघडतो."

शेजारच्या मायानं हे भिंतीपलीकडनं ऐकलं आणि तिचा ऊर भरून आला. "काय वळण लावलंय हो गंगूताई पोराला! नाहीतर आमचं कार्टं. मला अगं-तुगं करतं आणि वर टाळी मागतं." गंगूबाईनं मान डोलावली, कौतुक पदरात घेतलं आणि घरात येऊन पातेलं आपटलं.

ज्या घरात आईला जन्मापासनं 'तू' म्हणतात, त्या घरात 'तुम्ही' कुणाला म्हणतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? विम्याच्या एजंटाला म्हणतात. वीजबिलाच्या खिडकीतल्या माणसाला म्हणतात. तिचा नवरा शंकर सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला एकदाच 'तुम्ही' म्हणाला होता, आणि त्यानंतर आठ दिवस घरात जेवला नव्हता. पोरगं तर जेवत होतं. भाजी छान झालीय म्हणत होतं, स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घालत होतं. भांडायला कुठं बोट शिरकवायला जागा ठेवत नव्हतं मेलं.

वर ऑफिसलाही जात नव्हता. विचारलं तर म्हणाला, "सुट्टी आहे." महापेच्या कंपनीत दीड वर्ष झालं होतं, अंगात ताप असताना बस पकडणारा पोरगा, त्याला सतरा दिवसांची सुट्टी? कॉम्प्युटरसमोर बसायचा, पण कॉम्प्युटर चालू नसायचा.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या अलीकडे, वालधुनी नदीच्या अंगाला पंचशीलनगर आहे, तिथं गंगूबाई रोकडे म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे. शिक्षण दुसरी. पण विहारात रविवारची वंदना तिच्या आवाजात सुरू व्हायची आणि नळावरची भांडणं ती बादली घेऊन येताना दिसली की आपली आपण मिटायची. तिनं उल्हासनगरच्या कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं धागे कापले होते. शिवून आलेली पँट उलटी करायची, कुठं धागा सुटलाय ते शोधायचं आणि कापायचं. राजरत्न कंपनीत लागला तेव्हा तिनं विचारलं होतं, "तिथं तू नेमकं काय करतोस रे?" तो म्हणाला, "दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासतो. कुठं चूक राहिलीय ते काढतो." "म्हणजे धागेच कापतोस की," ती म्हणाली होती. दोघं पोट धरून हसले होते. तेव्हा ती त्याची 'तू' होती.

अठराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मेथी निवडताना तिचा धीर सुटला.

"राजा, इकडं बघ. माझं काय चुकलं ते तोंडानं सांग. शिवी द्यायची तर शिवी दे. पण हे तुम्ही-आम्ही बंद कर. मी तुझी आई आहे का सासू?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"परत तेच! कुणी शिकवलं तुला हे?"

"ऑफिसात," तो म्हणाला. "तिथं फार मानानं बोलतात. माणसाला काढतानासुद्धा मानानं काढतात. आधी पाणी देतात. पंखा वाढवू का विचारतात."

"कुणाला काढलं?"

"मला."

मेथीची काडी गंगूबाईच्या हातात तशीच राहिली. चोरी, मारामारी, बाईमाणसाचं प्रकरण, एका दमात तिच्या डोक्यातनं सगळं जाऊन आलं आणि यातलं एकही आपल्या पोराच्या अंगाला चिकटत नाही म्हणून ती जास्तच घाबरली.

"काय केलंस तू?"

"पुण्याला होतो. एवढंच केलं."

तो उठला. कपाटातनं एक कागद आणला आणि तिच्यासमोर खाली बसला. कागद इंग्रजी होता. त्यानं तो मराठीत सांगितला, शाळेत धडा वाचावा तसा, आवाज न चढवता.

"यात लिहिलंय, की नोकरीला लागताना पुण्याच्या कंपनीत चौदा महिने काम केल्याचा जो दाखला मी दिला तो बनावट आहे. चौकशीला घरी माणूस पाठवला होता. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं, की जून दोन हजार सहा ते जुलै दोन हजार सात हा मुलगा अंबरनाथला आपल्या घरीच राहात होता, एक रात्रसुद्धा बाहेर नव्हता. म्हणून मला आजपासून काढण्यात येत आहे. जोडीला त्या जबाबाची झेरॉक्स लावलीय. खाली सही आहे. साक्षीदार म्हणून मायावहिनी आहेत."

त्यानं सहीवर बोट ठेवलं. गंगूबाई शंकर रोकडे. विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात सहा महिने गिरवलेली, 'रो'चा काना जरा लांब गेलेली. त्या सगळ्या अक्षरांच्या गर्दीत तिला तेवढीच वाचता आली.

"मग त्या पुण्याच्या कंपनीला विचारा म्हणावं! तोंड नाही का त्यांना?"

"ती बंद झाली. मंदी आली तेव्हा पहिली तीच बुडाली. मालकाचा फोन लागत नाही. पगार पाकिटात घालून हातात द्यायचा. राहायला एका खोलीत पाच जण, घरमालक पावती द्यायचा नाही. आमच्या कंपनीला माणसं कमी करायची होती. नुसतं काढलं की बोभाटा होतो, म्हणून त्यांनी जुन्या फायली उघडल्या. आठ-आठ वर्षं काम केलेली माणसं आपला कुठला कागद कच्चा आहे ते आठवत बसली होती. मी नव्हतो घाबरलो. म्हटलं, माझं सगळं खरं आहे." त्यानं कागद उचलला. "मी तिथं होतो हे सांगायला जगात तू एकटी उरली होतीस."

रागात का होईना, 'तू' आला. गंगूबाईनं तो कानांनी झेलला. पण राजरत्ननं कागदाची घडी घातली, उठला आणि म्हणाला, "तुम्ही चहा घेणार का?"

आता झालं होतं काय, ते पंचशीलनगरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून गंगूबाईनं जिवाचं रान केलं होतं.

शंकर सरकारी फॅक्टरीत नोकरीवर असतानाच वारला. त्याच्या जागेवर मुलाला घ्यायला साहेब तयार होते. कायमची नोकरी, बापाचा बिल्ला. राजरत्न नुकताच बीएस्सी होऊन कॉम्प्युटरचं शिकला होता. तो नको म्हणाला. पुण्यात कुठल्याशा तीन खोल्यांच्या कंपनीत त्याला काम मिळालं होतं. गंगूबाई म्हणाली, बाप मेला त्याची जागा लाथाडून आईला टाकून निघालास. तो म्हणाला, टाकून नाही, वर्षभराचा अनुभव लागतो आई, त्याशिवाय या धंद्यात दारात उभं करत नाहीत. ती म्हणाली, जायचं तर जा, पण पहाटे जा. बॅग कुणाला दिसता कामा नये.

कारण आळीत कुणाचा पोरगा बायको घेऊन वेगळा झाला, की "आईला टाकून गेला" हे नळावर जाहीर करायचा मान गंगूबाईचाच असायचा. चार घरांची लाज तिनं अशी वेशीवर टांगली होती. आता त्या खुंटीला आपलं घर कसं टांगणार?

मग तिनं रात्रपाळी काढली. "राजा कंपनीत लागला. रात्रपाळी असते. आपल्याकडं रात्र तेव्हा अमेरिकेत दिवस, त्याला तो तरी काय करणार? अंधारात जातो, अंधारात येतो, दिवसभर मेल्यासारखा झोपतो." आळीनं ते ऐकलं आणि मानलं. कॉम्प्युटरवाल्यांचं असंच असतं हे सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलं होतं. भरदुपारी ती दार ओढून घ्यायची, बाहेर पोरं गोट्या खेळायला लागली की ओरडायची, "हळू रे मेल्यांनो, माझा पोरगा झोपलाय!" नळावर दोन ताटं घासायची. दर दोन दिवसांनी ट्रंकेतला त्याचा धुतलेला शर्ट काढायची, पाण्यात बुडवायची, पिळायची आणि दोरीवर वाळत घालायची. चार शर्ट होते. चौदा महिन्यांत न घालताच विटले. जयंतीला तो दोन दिवस घरी आला, मिरवणुकीत पांढरा शर्ट घालून पुढं चालला, त्यानं तर सगळ्यावर शिक्काच बसला.

त्याचा फोन आला की ती उचलायची, ऐकायची आणि बोलायची नाही. तोच बोलायचा. आज काय शिकलो, काय जेवलो. चौदा महिने असेच गेले.

मग महापेची कंपनी मिळाली, त्याच चौदा महिन्यांच्या जोरावर. त्यांनी विचारलं होतं, बंगलोर की महापे? तो महापे म्हणाला आणि घरी आला. गंगूबाईनं नळावर सांगितलं, "आता दिवसपाळी मिळाली." विषय मिटला.

आणि दीड महिन्यापूर्वी तो माणूस आला.

दुपारची वेळ होती. चाळिशीचा, खांद्याला रेक्झिनची बॅग, बोलायला गोड. "मावशी, राजरत्न रोकडे इथंच राहतात ना? त्यांच्या कंपनीकडून पत्त्याची चौकशी करायला आलोय."

गंगूबाई मनात हसली. कंपनीकडून म्हणं! लग्नाचा पोरगा घरात असला की कोण कोण कशाकशाचं सोंग घेऊन येतं ते तिनं बघितलं होतं. माया आपल्या भाचीसाठी डोंबिवलीचं स्थळ बघायला गेली होती ती साबण विकणारी होऊन. हा मुलीकडचा आहे हे तिनं त्याच्या चपलांवरनं ओळखलं. कंपनीचा माणूस इतक्या अदबीनं चपला बाहेर काढतो होय?

तिनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि त्यानं बॅग उघडायच्या आत त्याचीच चौकशी केली. नाव मधू. राहायला बदलापूरला, बेलवलीत, पिठाच्या गिरणीच्या मागं. म्हणजे मुलगी बदलापूरची. बरं झालं, जवळ आहे.

"मुलगा कसा आहे?" असं त्यानं विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "जून सहा ते जुलै सात, ते इथंच राहायला होते, का बाहेरगावी? पुण्याला वगैरे?"

तिच्या मस्तकात सण्णकन गेलं. कुणीतरी पचकलं होतं. आईला टाकून गेलेला पोरगा म्हणून स्थळ मोडायला कुणीतरी बसलं होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला पुणं?"

"कागदावर आहे, मावशी. नीट आठवा. मधे काही दिवस?"

"कागदाला काय कळतंय? कागद जेवला काय माझ्या हातचं? माझा पोरगा आईला सोडून एक रात्र बाहेर राहिलेला नाही. श्रावणबाळ आहे श्रावणबाळ."

"रात्र नाही, पण आठवड्याचे पाच दिवस तिकडं आणि..."

"अहो, कानात बोळे घातलेत का? माया! ए माया! इकडं ये बघू."

माया आली. चौकशीला माणूस आला की शेजारणीनं काय बोलायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. राजरत्नला सुपारीचं खांडसुद्धा चालत नाही इथपासनं सुरू झाली ती चौदा महिन्यांची रात्रपाळी, दोरीवरचे शर्ट, सगळं सांगून थांबली. माणसानं ते उतरून घेतलं. मग शाईचा डबा पुढं केला.

"अंगठा कशाला?" गंगूबाई म्हणाली. "सही करते. पेन द्या."

कागदावर काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही. सही करायला मिळाली याच आनंदात होती ती.

ते सगळं आज, त्या शनिवारी, डोक्यात जुळलं तशी गंगूबाई राजरत्ननं दिलेला चहाचा कप तसाच टाकून उठली. पायात चपला अडकवल्या, रिक्षा केली आणि बेलवलीत पिठाच्या गिरणीमागं जाऊन उभी राहिली. मधू बनियनवर दारातच पेपर वाचत होता. तिला बघून त्यानं पेपर खाली ठेवला. ओळखलं त्यानं. बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"तुम्ही मुलीकडचे नव्हता?" गंगूबाईनं उभ्याउभ्या विचारलं.

"कुठल्या मुलीकडचा?"

ती खाली पायरीवर बसली. पाणी प्यायली. मग तिनं सगळं सांगितलं, बॅग, पहाट, रात्रपाळी, शर्ट. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं सांगत होती आणि तोही परका माणूस. मधू ऐकत राहिला. मधेच त्यानं आपल्या कपाळाला हात लावला.

"मावशी, मी तीनदा विचारलं तुम्हाला. आम्हाला एकदाच विचारायचं असतं. पोराचा दाखला मी बघितला होता, खोटा वाटत नव्हता. म्हणून आठवड्याचे पाच दिवस म्हणालो. नुसतं 'हो, येऊन-जाऊन असायचा' म्हणाला असतात तरी मी भागवलं असतं. तुम्ही माझ्या कानात बोळे घातले."

"मग आता लिहा की. म्हातारी चुकली म्हणून लिहा."

"नुसतं तुमचं नाही चालत. आई आहात, पोरासाठी फिरली म्हणतील." तो आत जाऊन एक फॉर्म घेऊन आला. "फेरचौकशी मागता येते. मुदत सोमवारपर्यंत आहे. दोन शेजारी पाहिजेत, घरचे नकोत. त्यांनी लिहून द्यायचं, की त्या काळात हा मुलगा इथं राहात नव्हता. त्यातली एक आधीची साक्षीदार पाहिजे. तेवढं आणा, मी स्वतः नेऊन देतो."

"दोनच?"

"दोनच."

गंगूबाईला हायसं वाटलं. दोन सह्या म्हणजे काय, आख्खी आळी तिच्या शब्दावर उठत-बसत होती. निघताना तिनं विचारलं, "तुम्ही पहिल्यापासनं हेच करता?"

"नाही हो. छापखान्यात खिळे जुळवायचो. कॉम्प्युटर आला, छापखाना बंद झाला." मधू कसनुसा हसला. "आता कॉम्प्युटरवाल्यांच्या चौकशा करतो. एवढे मोठे पगार त्यांचे, मला वाटायचं ही माणसं सिमेंटात बसलीत. तसं काही नाही. आमचं मशीन तरी दिसायचं येताना."

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शिलाशी, खोटं न बोलण्याच्या, गंगूबाईचा आवाज बसला. बायकांना वाटलं घसा धरलाय. वंदना संपल्यावर बायका उठायला लागल्या तशी ती म्हणाली, "बसा. मला बोलायचंय."

आणि ती बोलली. फॉर्म हातात धरून, बुद्धाच्या मूर्तीला पाठ न करता, कडेला उभं राहून बोलली. माझा पोरगा मला सोडून पुण्याला गेला होता. चौदा महिने घरात मी एकटी होते. रात्रपाळी नव्हती. शर्ट मी उगीच धुवायचे. तुमच्या पोरांना मी नावं ठेवली, माझा पोरगा आधीच गेला होता. प्रत्येक वाक्याला तिला आपल्या अंगावरचा एकेक दागिना उतरवल्यासारखं होत होतं. पण एकदाचे उतरवून झाले, आता काय व्हायचं ते होवो म्हणून तिनं वर बघितलं.

बायकांच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती.

"गंगूताई," माया हळूच म्हणाली, "राजाची नोकरी गेली ते कळलं आम्हाला. कालच कळलं. वाईट वाटलं हो. पण म्हणून असं?"

"असं म्हणजे कसं?"

"पोरासाठी आई काय वाटेल ते बोलते. पण आम्हाला पण बोलायला लावू नका ना."

"अगं बये, मी आता खरं बोलतेय! तेव्हा खोटं बोलत होते!"

"मी शर्ट बघितलेत, गंगूताई. माझ्या डोळ्यांनी."

"शर्ट बघितलेस, शर्टातला माणूस बघितलास काय?"

"घोरणं ऐकलंय की! भिंतीला भिंत आहे आपली. दुपारी पडले की राजाचं घोरणं ऐकू यायचं. आमच्या ह्यांना मी म्हणायची, बघा, पोरगं किती दमतंय."

गंगूबाईच्या घरात चौदा महिने दुपारी फक्त ती होती आणि ती घोरत नव्हती. पण माया खोटं बोलत नव्हती. मायानं खरंच ऐकलं होतं. बाकीच्याही माना हलवत होत्या. एकीला राजरत्न पहाटे रिक्षातनं उतरताना दिसला होता. दुसरीनं त्याला दुपारी झोपेच्या डोळ्यांनी दूध आणताना बघितलं होतं, पावसाळ्यातच, पक्कं आठवत होतं तिला.

विहाराची किल्ली सांभाळणारे आण्णा, शंकरच्या बरोबरीनं फॅक्टरीत होते, ते दाराशी उभे राहून ऐकत होते. ते पुढं झाले.

"वहिनी, तुम्हीच या बायकांना शील शिकवलं. आता त्यांनाच खोट्यावर सही करा म्हणता? शंकर असता तर त्याला आवडलं असतं?"

"आण्णा, ते खोटं नाही."

"मग दीड महिन्यापूर्वी मायाकडनं जी सही घेतलीत ती काय होती?"

"ती खोटी होती."

"बघा म्हणजे," आण्णा म्हणाले, वाईट वाटून म्हणाले. "एकाच बाईला दोन उलट्या कागदांवर सही करायला लावायची. उद्या तिलाच बोलावून घेतील. तिच्या पोराबाळांनी काय करायचं?"

मायानं तेवढ्यात पदर सावरला आणि दोन पावलं मागं झाली. जसा काही गंगूबाईच्या हातातला फॉर्म पेटलाय.

शिवी द्यावी असं गंगूबाईच्या ओठावर आलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा ओठावरची शिवी गिळून ती विहाराची पायरी उतरली. मागनं माया म्हणालेली तिला ऐकू आली, "पण माऊली आहे हो. पोरासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं."

घरी राजरत्न दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तिला क्षणभर वाटलं, कंपनीनं परत बोलावलं.

"कॅम्प चारला कॉम्प्युटरचा क्लास आहे," तो म्हणाला. "सिंधी मालक आहे. टायपिंग शिकवायला बोलावलंय, त्याला भेटून येतो."

"टायपिंग? तू तर ते प्रोग्राम..."

"त्यासाठी आता कुणी विचारणार नाही. या धंद्यात काय येतं ते नंतर बघतात, आधी कुठं होता ते बघतात. दोन ठिकाणी फोनवर बोललो. महापे का सोडलं विचारतात. सांगितलं की गप्प होतात. कळवतो म्हणतात, तेही मानानंच." त्यानं मनगटावर घड्याळ बांधलं. "बाबांच्या जागेची पण चौकशी केली मी फॅक्टरीत. मुदत गेली. तीन वर्षांत अर्ज करायचा होता."

गंगूबाईनं कोरा फॉर्म ओट्यावर ठेवला. त्यानं तो बघितला. कुठं गेली होती, काय झालं, त्यानं विचारलं नाही. विहार चार घरं सोडून होता, सगळं ऐकू येत होतं.

"राजा," ती म्हणाली, "बंगलोरला जे गेले तुझ्याबरोबरचे, त्यांच्या पण घरी अशी माणसं पाठवली?"

"त्यांच्या खोलीवर पाठवली. भाड्याच्या खोल्या सगळ्यांच्या. घरमालकाला काय माहीत मागचं? 'हो, राहतो' म्हणतो आणि दार लावतो. सगळे आहेत अजून कामावर." त्यानं चपला पुढं ओढल्या. "माझ्यासारखाच पुण्याचा दाखला होता एकाचा. त्याच कंपनीतला. तो पण आहे. माझ्या बाजूनं बोलला तर त्याचीच फाईल उघडतील."

"आणि तू महापे का म्हणालास?"

तो चपला घालायला वाकला. त्याच्या मानेवर केस कापताना राहून गेलेली बारीक लव दिसत होती. उत्तर तिला माहीत होतं. फोन उचलून न बोलणारी बाई घरात एकटी आहे, म्हणून तो महापे म्हणाला होता.

गंगूबाई दारात आडवी उभी राहिली. पलीकडं मायाच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. करू दे. ऐकायचं त्यांनी ऐकावं. ती कधी हळू बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही.

"ऐकून जा. चौदा महिने मी मनात घोकलं, की हा गेला तिथं चुकला. परत आल्यावर पण तुला तेच सुनवलं. ते मी मागं घेते. गेलास ते शहाणपणाचं केलंस. परत आलास ना राजा, तिथं चुकलास. माझ्यासारखीच्या घरी लेकरानं परत येऊ नये."